पहिली दाढ

अणू एकत्र जुळवून वीज करणाऱ्या 'सूर्यकुंड' संमीलन-भट्टीच्या तपासणी कक्षात शैला कुसाळकर आ वासून बसली होती आणि तोंडात शिरलेला निळा किरण तिचं लहानपण वाचत होता. भट्टीची नियंत्रणप्रणाली तिनेच रचलेली. पुढच्या महिन्यात भट्टी पेटणार होती आणि नियंत्रण कक्षात पाऊल टाकायला आता सुरक्षा-मंजुरी लागत होती. ती दातांतल्या नोंदी वाचणाऱ्या या यंत्राच्या, दंतलेखवाचकाच्या हातात होती.

दिवा तांबडा झाला. डॉ. निरंजन पालेकरांनी चष्मा पुसला. यंत्राचे जनक तेच आणि मंजुरी समितीचे अध्यक्षही तेच, म्हणजे तक्रार करायची तीही त्यांच्याकडेच.

"अफू," ते म्हणाले. "वयाच्या दुसऱ्या वर्षात."

शैलाला आधी हसूच आलं. त्या वयात आपण कुठल्या अड्ड्यावर बसत होतो, असं तिने विचारलं. पालेकरांनी शांतपणे समजावलं. दात थराथराने वाढतो आणि त्या वेळी रक्तात जे असेल ते त्या थरात कायमचं अडकतं. पहिली दाढ जन्माच्या सुमारास घडायला लागते, म्हणून यंत्र ती वाचतं.

"आणि ती नसेल तर?"

"तर तिच्या मागची. ती घडायला लागते तिसऱ्या वर्षाच्या आसपास. माझ्या पहिल्या दाढा किडून गेल्या, चारही. मी मागच्या दाढेवर पास झालो. नियमात तशी सोय आहे."

सोय कोणी केली, हे विचारायची गरज नव्हती.

घरी तिने आईला विचारलं. यल्लूबाईंनी काही लपवलं नाही. त्या खडीच्या खाणीत दगड फोडायच्या आणि शैला रांगत रांगत सुरुंगाकडे जायची. बरोबरच्या बाईचं मूल तसंच सुरुंगात दगावलं होतं. मग बायका पोरांना बाळगोळी चाटवायला लागल्या, अफूची.

"निजलीस तर जगशील, येवढंच कळत हुतं मला," यल्लूबाई म्हणाल्या. "मुकादमाला म्हनलं, पोरांपाशी एक बाई ठेव. त्यो म्हनला, पोरं घरी ठेवा. घर हुतं कुठं?"

शैलाने हे सगळं जसंच्या तसं समितीला सांगितलं. पालेकर हळहळले. शैलाला सगळ्यात जास्त चीड आली ती या हळहळीची. नियमात 'कधीही सेवन' असे शब्द आहेत, कोणी दिलं आणि का दिलं याला जागा नाही, असं त्यांनी सांगितलं. नशेची आम्हाला भीती नसते, ती लपवणाऱ्याची असते, कारण त्याला कोणीही वाकवू शकतं, हेही सांगितलं.

"मग मी काय लपवलं?"

"काहीच नाही," पालेकर म्हणाले. "पण थर आहे. फेरतपासणी कधीही मागा. थर जात नाही."

शैलाने फेरतपासणी मागितली, पण पंधरवड्यानंतर. ती आली तेव्हा तिचे गाल सुजलेले होते. निळा किरण आत शिरला, जरा घुटमळला आणि मागच्या दाढेवर स्थिरावला. दिवा हिरवा झाला.

पालेकरांनी बॅटरी घेऊन तिच्या तोंडात पाहिलं. चारही जागा रिकाम्या होत्या, हिरड्यांवर टाके होते.

"तुम्ही पुरावा नष्ट केलात," ते म्हणाले.

"केला. खरं सांगितलं तेव्हा मी धोकादायक होते. आता लपवलं, तर तुमचं यंत्र म्हणतंय मी विश्वासाची. सही करा."

त्यांचा हात थबकला. पण सही अडवायची तर मागच्या दाढेच्या त्याच कलमावर मिळालेली स्वतःची मंजुरीही रद्द करावी लागली असती. त्यांनी सही केली.

शैलाने पर्समधून कागदाची पुडी काढून टेबलावर उलटी केली. चार दाढा घरंगळल्या.

"मी जगावं म्हणून कोणी काही केलं असेल, तर त्याची नोंद एवढीच होती," ती म्हणाली. "ती मला उपटून टाकावी लागली."

मग तिने दाढा एकेक वेचून पुडीत बांधल्या आणि ती नियंत्रण कक्षाकडे निघाली. दार आपोआप उघडलं.