हवा संपत आल्याची शिट्टी

ही गोष्ट कुठे वाचलेली नाही, आमच्या घरातली आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली. ती थापा मारणाऱ्यांतली नाही, आणि घाबरणाऱ्यांतली तर मुळीच नाही.

मावशी बंदरात सुरक्षा अधिकारी होती. जहाजातून उतरणारी घातक रसायनं कुठे ठेवायची, कशाच्या शेजारी ठेवायची नाहीत, गळती झाली तर काय करायचं, हे सगळं ती बघायची. लग्न केलं नव्हतं. वसाहतीतल्या दोन खोल्यांत एकटीच राहायची. आम्ही चिडवायचो, "मावशी, तुझा संसार पिंपांशी."

ती म्हणायची, "पिंपं बरी. झाकण घट्ट लावलं की गप्प बसतात."

त्या रविवारी संध्याकाळी रसायनाच्या एका टाकीची झडप गळायला लागली. टाकी बंदराच्या पार टोकाला, मोकळ्या आवारात नेऊन ठेवली. दुरुस्तीचं पथक बाहेरून यायचं होतं. तोवर लक्ष ठेवायला मावशी थांबली.

वारा समुद्राकडे वाहत होता. म्हणून ती जमिनीकडच्या केबिनमध्ये खिडकी उघडून, मास्क काढून बसली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं...

लाटांचा आवाज येत नाहीये.

आणि मग... शिट्टी.

बारीक. सलग.

तिने ती लगेच ओळखली. विषारी वायूत शिरताना पाठीवर हवेचं नळकांडं घेतात. त्यातली हवा संपत आली की अशी शिट्टी वाजते.

म्हणजे टाकीपाशी कुणीतरी होतं... आणि त्याची हवा संपत आली होती.

तिने वायरलेस उचलला. "आवारात कोणाला पाठवलंय?"

"कुणालाच नाही, मॅडम," नियंत्रण कक्षातला ऑपरेटर म्हणाला.

"नळकांडी बघून सांग."

नुसती खरखर...

"सगळी भिंतीला टांगलेली आहेत. फक्त तुमचं तुमच्याकडे आहे."

तिने स्वतःचं नळकांडं पाहिलं. पूर्ण भरलेलं.

शिट्टी चालूच.

"मॅडम, एकट्या आत जाऊ नका."

हा नियम तिनेच सगळ्यांकडून घोटून घेतला होता. पण तिचा पाय केबिनमध्ये ठरेना. आत जो कुणी होता, तोही एकटाच होता.

तिने नळकांडं पाठीवर घेतलं, मास्क चढवला आणि ती निघाली.

टाकीपाशी कुणी नव्हतं. शिट्टी आता पुढून येत होती, पाण्याच्या बाजूने. ती त्या आवाजाच्या मागे मागे गेली. थेट कठड्यापर्यंत.

तिथे शिट्टी अगदी कानाशी आली...

आणि थांबली.

तेवढ्यात मागे धडाम आवाज झाला. झडप उडाली होती. मावशीने वळून पाहिलं. वारा फिरला होता. पांढरा लोट सरळ केबिनच्या उघड्या खिडकीत घुसत होता.

पथकाने तिला कठड्यापाशी गाठलं तेव्हा ती अजून इकडेतिकडे बघत होती. पथकप्रमुख म्हणाला, "केबिनमध्ये असता तर मास्क लावायलाही वेळ मिळाला नसता."

पुढे तिने सगळ्यात जुन्या क्रेनवाल्याला विचारलं, त्या आवारात कुणी दगावलं होतं का.

तो बराच वेळ आठवत राहिला. "नाही हो बाई. तिथे कधी कुणाला खरचटलंसुद्धा नाही."

मग तो कोण होता? आजही माहीत नाही.

निवृत्तीनंतरही मावशीने बंदराजवळच घर घेतलं. गेल्या वर्षी मी तिला न्यायला गेलो. म्हटलं, "आता पुरे झालं एकटं राहणं. आमच्याकडे चल."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "नको रे. मी आले तर तो एकटा पडेल."

मी हसलो.

ती हसली नाही.

निघताना जिन्यावरून सहज मागे वळलो. दार अजून उघडं होतं. मावशी माझ्याकडे पाठ करून, रिकाम्या खोलीकडे बघत उभी होती. हळू आवाजात समजूत घालत होती...

"नाही जात मी. कुठे नाही जात."