कडेची ओळ

प्रेम म्हणजे प्रकाश, आणि प्रकाशाला जगात कुणीही अडवू शकत नाही. सिद्धराम मात्र सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका कंपनीत बसून, पगार घेऊन, नेमकं हेच काम करत असे. पिकाचा आजार हेरायला शेतावरून ड्रोन उडतो, त्याच्या पोटातल्या कॅमेऱ्याला चार-पाच डोळे असतात. त्या प्रत्येक डोळ्यापुढं नखाएवढी काच बसवायची. एकच रंग आत सोडणारी, बाकी सगळ्यांना दाराबाहेर उभं करणारी. तिला फिल्टर म्हणतात. ते आखता आखता सिद्धरामचं तारुण्य निम्मं संपलं होतं. अक्कलकोटहून त्याची आई गंगम्मा फोनवर म्हणायची, सोलापूरच्या देवाचं, सिद्धरामाचं लग्न दरवर्षी गड्ड्याच्या जत्रेत लागतं, आमच्याचं एकदा तरी लागू दे.

उत्कर्षा त्याला भेटली नवी पेठेत, भर उन्हात. प्रेमकथेत अशा वेळी पाऊस पडतो, पण सोलापुरात तो कुणाच्या सोयीनं येत नाही. आईसाठी बांगड्या घेताना त्यानं खिशातून पाकीट काढलं, तर एक बाद झालेला फिल्टर टणकन काउंटरवर पडला. शेजारच्या मुलीनं तो आधी उचलला.

"खडा कुठला हा?"

"खडा नाही... फिल्टर आहे. एकच रंग आत घेतो."

"म्हणजे आमच्या आण्णांसारखा. दारात दहा माणसं आली तरी चहा एकालाच." तिनं काच डोळ्याला लावली, मग जरा कलती केली. "तिरका धरला की रंग बदलतोय की हा."

"तिरका धरायचाच नसतो."

"आणि कुणी तिरकं बघितलं तर?" असं म्हणून तिनं तिरकं बघितलं.

बाकीच्या सगळ्या रंगांशी सिद्धरामचा संबंध तिथंच संपला.

ती मूळची नातेपुत्याची. सोलापुरात एका दवाखान्यात लोकांच्या आखडलेल्या माना सरळ करायची. सिद्धरामची मान त्या वर्षात फार वेळा आखडली. मान सरळ करता करता ती एकदा म्हणाली, की त्याच्या आजाराचं निदान झालंय, पण औषध तिच्या वडिलांकडं, आण्णांकडं आहे. दोघांच्या जाती वेगळ्या, त्यामुळं लग्नाचं काढल्यावर घरी काय काय होईल याची दोघांनी जय्यत तयारी ठेवली होती. झालं काहीच नाही. आण्णांनी पोराला आपादमस्तक न्याहाळलं, शेळ्यांबद्दल दोन प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं चुकली तरी चहा सांगितला. उत्कर्षा दाराआड तोंडाला ओढणी लावून हसत होती.

मग तिनंच सुचवलं, की आण्णांना तुझं काम दाखव. आमची अख्खी डाळिंबाची बाग एका फोटोत मावली पाहिजे हं... कडेला आण्णाही दिसले पाहिजेत. सिद्धरामनं त्याच रात्री कॅमेऱ्याला जास्त रुंद बघणारं भिंग लावलं. फिल्टर होता तोच ठेवला. प्रेमात माणूस भिंग बदलतो, हिशेब करायचा राहून जातो.

फोटो सुरेख आला. कडेला आण्णा होते, आणि बांधालगतची ओळ तांबडी, म्हणजे आजारी दिसत होती.

"डाग तर कुटं दिसत न्हाई," आण्णा पानं उलटीसुलटी करत म्हणाले.

"डोळ्याला दिसायच्या आधी कॅमेऱ्याला दिसतं, आण्णा. तेल्याची सुरुवात असेल."

तेल्या रोगाचं नाव काढल्यावर डाळिंबवाला हातातलं सगळं टाकून कुऱ्हाड शोधतो. आण्णांनी ओळ उपटून जाळली. खात्रीसाठी पुन्हा ड्रोन उडवला, उरलेली बाग फोटोत बसवली, तर दुसरी ओळ आजारी. तीही गेली. शेजारी म्हणाले, जरा थांबा की. आण्णा म्हणाले, "जावयाचा शब्द पयल्याच साली कसा मोडायचा?" आणि तिसरी उपटली.

चौथ्या फोटोत चौथी ओळ तांबडी झाली, तेव्हा सिद्धरामनं ऑफिसात चारही फोटो शेजारी शेजारी मांडले. रोग असा शिस्तीत, एकेक ओळ घेत, नेहमी फोटोच्या कडेनंच चालत नाही. रुंद भिंगातून कडेचा उजेड फिल्टरवर तिरका येत होता. तिरका आला की रंग बदलतो. हे त्याला बांगड्यांच्या दुकानात एका मुलीनं सांगितलं होतं, आणि तो तेव्हा तिच्या डोळ्यांकडं बघत होता.

कंपनीचा मालक अजिंक्य समजूतदार माणूस. तो म्हणाला, फिल्टर गुपचूप बदलू, झाडं तेल्याच्या नावावर राहू दे, तेल्याला जाब विचारायला कोण जातंय? तू लग्न कर. सल्ला इतका व्यवहारी होता की सिद्धरामला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी तो नातेपुत्याच्या एसटीत बसला.

त्यानं सगळं सांगितलं. उत्कर्षा उंबऱ्यात उभी होती. आण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजी झाडं चांगली हुती?"

"होती."

"उरल्याली?"

"तीपण चांगली आहेत."

"बरं झालं आलास," आण्णा म्हणाले. "मी उद्या चवथी काडणार हुतो." आणि ते आत गेले. चहाचं कुणी काही बोललं नाही.

दोघं बांधापर्यंत चालत गेली. जळक्या खोडांचे काळे गोल अजून मातीत होते.

"ही पहिली ओळ आईनं लावलेली," उत्कर्षा म्हणाली. "जायच्या आदल्या वर्षी. घागरीनं पाणी घालायची. आण्णांनी उपटताना माझ्याकडं बघितलं होतं... मी म्हटलं, सिद्धराम चुकायचा नाही."

सिद्धराम वर्षभर जे तोंडानं बोलायचं टाळत होता ते त्याला तिथं, काळ्या गोलांसमोर बोलावं लागलं. की तिच्यावर त्याचं प्रेम आहे. की बाग पुन्हा लावेल, खड्डे स्वतः खणेल, पाणीही घागरीनं घालेल. की तिच्याशिवाय त्याला... पुढचं त्याला जमलं नाही.

तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडं सरळ बघितलं.

"माझं पण आहे रे," ती म्हणाली. "तेच तर वाईट झालंय. तू शेजारी असलास की मी बांधाकडं बघणार, आणि बांध दिसला की तुझ्याकडं. आण्णा तर काही बोलायचेच नाहीत. असं किती वर्षं राहायचं?"

 वारा सुटला, राख थोडी उडाली. आता ती हाक मारेल, असं वाटून तो फार सावकाश चालत निघाला. आणि तिनं खरंच हाक मारली.

तो गर्रकन वळला.

"जाताना तेवढं फाटक लावून घे," ती म्हणाली. "शेळ्या शिरतात."