शांत न होणारं पोलाद

डॉ. मृण्मयी आंबर्डेकर गोदीच्या नियंत्रण कक्षात पोचल्या तेव्हा नरेंद्र तांडेलला जहाजाच्या आत अडकून पाच तास झाले होते.

काचेपलीकडे, सुक्या गोदीत, 'वज्रतनू' उभं होतं. आयुष्यभर खनिज वाहिलेल्या या जहाजाचं समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या तरंगत्या कारखान्यात रूपांतर चाललं होतं. त्याचं कवच स्वतःच्या भेगा स्वतः भरणाऱ्या ज्या 'स्वयंभर' पोलादाचं होतं, ते मृण्मयींनीच शोधून काढलेलं.

"तो बाजूच्या, तोल राखायच्या पाण्याच्या टाकीत उतरला," रूपांतर विभागाचे प्रमुख इक्बाल मुकादम म्हणाले. "नळांची मापं घ्यायला. टाकीची जुनी झाकणं आम्ही कायमची बंद केली होती, म्हणून उतरायला नवं तोंड कापलं. तो दुसऱ्या टोकाला पोचला आणि तोंडाच्या कडा सरकायला लागल्या. वर उभ्या असलेल्या माणसानं हाका मारल्या. नरेंद्र धावत परत येईपर्यंत जेमतेम हात जाईल एवढी फट उरली होती. मॅडम, असं तोंड बुजायला वर्ष लागतं असं तुम्ही सांगितलं होतं."

"शांत पोलादाला लागतं." मृण्मयी खुर्चीत बसल्या. "त्याच्या पोटात सूक्ष्म कण आहेत. भेग पडली की ते हवेतला प्राणवायू ओढून फुगतात आणि भेग भरून काढतात. पण एका ठिकाणी जखम झाली की तिचा इशारा सगळ्या कवचात पसरतो. जखमा वाढतात तसा इशारा चढतो, आणि इशारा चढला की बुजण्याचा वेगही चढतो. ताजी जखम सगळ्यांत आधी बुजते; जुन्या मागाहून, सावकाश."

"आम्ही तीनशेच्या वर भोकं पाडली."

"एवढी भोकं मी प्रयोगशाळेत कधी पाडून पाहिली नाहीत. माझ्या डोळ्यांपुढे खडकावर आपटलेलं जहाज होतं. शेवटची भेग बुजेपर्यंत इशारा उतरू द्यायचा नाही, असं मी ठरवलं. अर्धवट बुजलेलं जहाज बुडतंच."

इक्बालनी दोनदा कापायचा प्रयत्न केला होता. दोन्ही वेळा काप पूर्ण होण्याआधी त्याचं पहिलं टोक मिटलं होतं, आणि मिटताना पोलादानं टाकीतला प्राणवायू ओढून घेतला होता. आतून नरेंद्रचा ठोकण्याचा आवाज मंद झाला तेव्हा इक्बालनी कापणं थांबवलं आणि घाईघाईनं मनगटाएवढी सिरॅमिकची नळी आत सरकवली. पोलाद तिला चिकटून बसलं, पण चिरडू शकलं नाही. त्या नळीतून आता हवा आणि फोनची तार जात होती.

"गोठवलं तर?" इक्बालनी विचारलं.

"कण थांबतील. पण त्या थंडीत टाकीतला माणूस जगणार नाही."

"मग काय करायचं?"

"काही नाही," मृण्मयी म्हणाल्या. "बाकीची सगळी भोकं बुजू द्यायची. इशारा पार उतरला की पोलाद पुन्हा शांत होईल. मग एकदाच, झटकन कापायचं. पाचेक आठवडे लागतील."

इक्बालनी फोनवर हे नरेंद्रला सांगितलं. दोघं एकत्र शिकलेले. "आत जागा पुष्कळ आहे रे," तो म्हणाला. "उजेडाचं मात्र बघ."

नळीतून दिव्यांची बारीक माळ गेली, पाणी गेलं, गुंडाळलेली चादर गेली. नरेंद्रची बायको सुगंधा रोज नळीपाशी येऊन बसे आणि पातळ पेज आत सोडे. लेकीच्या परीक्षेचं सांगे. नरेंद्र आत फेऱ्या मारी, फेऱ्यांच्या हिशोबानं कुठवर पोचलो असतो ते तिला सांगे. घरी आल्यावर काय काय खायचं, यावर दोघांची बोलणी होत.

जहाजावरची भोकं एकेक करून मिटत गेली. महिनाभराची मेहनत वाया जात होती, पण कुणी तक्रार केली नाही. शेवटचं भोक बुजलं त्या दिवशी गोदीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कवचातला इशारा मोजणाऱ्या मापकाचा काटा मात्र हलला नाही.

मृण्मयींनी मापक बदलून पाहिला. दुसऱ्या दिवशीही काटा तिथंच होता. त्या जहाजाला वळसा घालून नळीपाशी आल्या आणि तिच्याभोवती घट्ट बसलेल्या पोलादाकडे बघत राहिल्या.

इक्बाल मागोमाग आले होते. त्यांनाही उमगलं. "हे भोक," ते म्हणाले.

"पोलादाच्या लेखी ही जखम अजून उघडी आहे."

"नळी त्याच पोलादाची बसवली तर?"

"ते तिला आपलंच अंग समजेल आणि आतून भरून टाकेल."

सुगंधा पेजेचं भांडं घेऊन शेजारीच उभी होती. "नळी काढून घेतली तर?" तिनं विचारलं.

"मग इशारा उतरेल," मृण्मयी म्हणाल्या. "पण त्याला आठवडे लागतील. आतली हवा पोलादच दिवसभरात ओढून घेईल."

"आणि नाही काढली तर?"

"तर इशारा उतरायचाच नाही," मृण्मयी म्हणाल्या. फोन चालूच होता.

"डॉक्टर," नरेंद्रचा आवाज आला, "माझ्या हे गेल्या आठवड्यातच लक्षात आलं होतं. इथं बसून दुसरं काय करणार? म्हटलं, चुकत असेन. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होतो."

"मी शोधते आहे काहीतरी," मृण्मयी म्हणाल्या.

"शोधा. मी आहेच."

त्या प्रयोगशाळेत परतल्या. दर आठवड्याला नवा तुकडा, नवं रसायन घेऊन गोदीत येत. कण मरतील असं काही सापडलं, तर त्याच्या वाफेनं माणूसही मेला असता. इक्बालनी पुढे पुढे विचारणं सोडलं. त्या गाडीतून उतरल्या की ते नुसतं त्यांच्या चेहऱ्याकडे बघत.

नळी उघड्यावर होती. ऊन वाढलं तसं सुगंधाला तिथं बसवेना, म्हणून इक्बालनी शेड बांधायला माणसं लावली. खांब जोडायला जहाजाला भोक पाडायची कुणाची हिंमत नव्हती. त्यांनी ते दोरांनी आवळून बांधले.

"कसला आवाज येतोय?" नरेंद्रनं आतून विचारलं.

"शेड बांधतायत," सुगंधा म्हणाली. "मला बसायला."



"पावसात टिकेल अशी बांधायला सांग," तो म्हणाला.