अर्धं गाऱ्हाणं

बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यावर दोन खोल्यांत खाडी रेडिओ चालायचा आणि त्या दोन खोल्यांत सुशांत मेस्त्रीचा जीव गुदमरायचा. सकाळी आठच्या बातम्या तो वाचायचा. ग्रामसभेत कमी पडलेल्या खुर्च्या, पर्ससीन जाळीवाल्यांशी झालेली बाचाबाची, मसुऱ्यात कोणाची तरी हरवलेली गाभण म्हैस. एवढा कमावलेला आवाज आणि त्याच्या नशिबी म्हैस! श्रोत्यांना तो बोंडू, म्हणजे बिनडोक, म्हणायचा, अर्थात माइक बंद करून. मालवणी ही त्याच्या आईची भाषा, पण स्टुडिओत ती कानावर पडली की त्याच्या कपाळाला आठी पडायची.

आता थोडेच दिवस काढायचे होते. मुंबईच्या एका कंपनीला पुस्तकं वाचायला आवाज हवा होता आणि शुक्रवारी अकराला फोनवर त्याची चाचणी होती. चाळिशी उलटली होती. ही संधी हुकली तर उरलेलं आयुष्य म्हशी शोधण्यात जाणार, हे तो पुरतं ओळखून होता.

सोमवारी रेडिओच्या समितीच्या हट्टापायी त्याने गावाच्या वतीने देवापुढे मागणं मांडणाऱ्या महादू गावकरांना त्यांचं गाऱ्हाणं ध्वनिमुद्रित करायला बोलावलं. म्हातारे महादू धुतलेलं धोतर नेसून, हातात नारळ घेऊन आले. स्टुडिओत कोणीच नाही हे बघून ते घुटमळले.

"चार माणसां बोलवक नाय? व्हय म्हाराजा कोण म्हणतलो?"

"ते आम्ही नंतर बघू, काका. तुम्ही साडेचार मिनिटांत आटपा."

महादूंनी देवाला हाक मारली, पूर्वजांना मारली, वाटेवरच्या, वेशीवरच्या, पाण्यातल्या सगळ्यांना मारली. प्रत्येक मागण्यानंतर ते होकारासाठी क्षणभर थांबत होते आणि समोरच्या मोकळ्या खुर्च्यांकडे बघत होते. सात मिनिटं झाली. सुशांतने तोंडावर हात धरून जांभई दिली.

पायरीवर चपला घालताना म्हातारे म्हणाले, "शेवटाक हात लावू नको हां, झिला. बोलावलेल्यांका परत धाडूक व्हया. नायतर ते थंयच बसान ऱ्हवतत."

सुशांतने मान डोलावली आणि वर जाऊन शेवटची अडीच मिनिटं कापून पुसून टाकली. तिथे काजूवाल्यांची जाहिरात बसवायची होती.

संध्याकाळी गाऱ्हाणं प्रसारित झालं. बर्नादेत टीचर, शाळेतून निवृत्त झाल्यापासून इथली यंत्रं सांभाळणारी, काचेपलीकडून कौतुकाने म्हणाली, "व्हय म्हाराजा बरा घातलंस रे. कितकी माणसां हाडलंस?"

सुशांतने हेडफोन कानाला लावला. प्रत्येक मागण्यामागून होकार येत होता. पुरुषांचा, बायकांचा, दबका आणि एका लयीत. त्याने काहीच घातलं नव्हतं. टीचरनेच कुठून तरी जोडलं असेल आणि आता विसरली असेल, असं म्हणून त्याने विषय सोडला. म्हातारपणी डोकं चालत नाही माणसांचं.

मंगळवारी तो बातम्या वाचत होता. "बंदरावरचा दिवा उद्या दुरुस्त होईल."

व्हय म्हाराजा, हेडफोनमध्ये कोणीतरी म्हणालं.

त्याने वायर बदलली, हेडफोन बदलला. प्रत्येक पूर्णविरामानंतर ते येतच राहिलं. टीचरला काही ऐकू येत नव्हतं.

बुधवारी बातम्यांच्या ऐन मध्यात एका बाईचा फोन आला. म्हशीचा रंग सांगायचा राहिला म्हणे. सुशांतचं डोकं फिरलं. फोन आपटून तो टीचरला म्हणाला, "ह्या बोंडवांवर माझा आवाज फुकट चाललाय. एकाही माणसाला तो ऐकू जाऊ नये, असं वाटतं."

"व्हय म्हाराजा."

ह्या वेळी होकार हेडफोनमधून आला नाही. मोकळ्या खुर्च्यांकडून आला.

गुरुवारी आठला तो नेहमीसारखा वाचून उठला, तर फोन वाजायला लागले. आज बातम्या नाय? टीचर म्हणाली, मीटरचा काटा हलत होता पण आवाज येत नव्हता, माइक गेलो वाटता. मग तिने त्याच माइकवरून दिलगिरी व्यक्त केली, ती कुणकेश्वरापर्यंत स्वच्छ ऐकू गेली.

शुक्रवारी अकराला मुंबईहून फोन आला.

"हॅलो? सुशांतजी? काही ऐकू येत नाहीये."

तो सज्ज्यात गेला. बोलला. मग ओरडला. खाली बर्फाच्या लाद्या चढवणाऱ्या माणसांपैकी एकानेही मान वर केली नाही. पलीकडची बाई "पुन्हा बघू" म्हणाली आणि फोन बंद झाला.

त्याने टीचरचा दंड धरून हलवला.

"काय झाला? नुसता तोंड कित्याक हलवतंस?"

महादूंच्या अंगणात त्याने बातम्यांच्या कागदामागे लिहिलं, शेवट सांगा. म्हाताऱ्यांनी कागद लांब धरून वाचला. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तुझ्याच तोंडान म्हणूक व्हयो. थंयच बसान."

त्यांनी सांगितलेला शेवट त्याने मालवणीतच, अक्षर न अक्षर उतरवून घेतला.

दुपारी दोन वाजता, बाहेर लख्ख ऊन असताना, तो माइकसमोर बसला. त्याने मन लावून वाचलं. आयुष्यात इतकं चांगलं कधी वाचलं नव्हतं.

"गाऱ्हाणा पुरा जाला. आता सगळ्यांनी आपापल्या जाग्यार जावचा, म्हाराजा."

पहिल्यांदाच होकार आला नाही.

त्याने काचेपलीकडे हाक मारली. "टीचर!"

टीचर वर्तमानपत्र वाचत राहिली.

हेडफोनमध्ये सळसळ झाली. पुष्कळ माणसं पुढे सरकून बसत होती. कोणीतरी खाकरलं, कोणीतरी लेकराला गप्प केलं. मग सगळं शांत झालं, बातम्या सुरू व्हायच्या आधी घरोघरी होतं तसं.