विरजणाची अट

"वहिनी, फर्मा कोनाले देल्ला होता?"

जनकाबाईच्या हातातली भाकर तव्याजवळच थांबली. दारात पुंजाजी उभा होता, तिचा धाकटा दीर... दीर कसला! सासू सात वर्षांचं पोर मागे ठेवून गेली, ते तिनेच पोटच्या लेकरासारखं वाढवलं. आणि आज त्याच लेकराच्या डोळ्यांत तिच्याविषयी संशय होता!

"खुंटीले तर हाय, बाप्पा."

"आता हाय! सकाळी नव्हता. तीन दिस झाले, जाते अन् येते. त्याच्या कडेले कोयसा लागेल हाय. कोनीतरी नक्कल उतरवली त्याची!"

फर्मा म्हणजे चाड्याचा लाकडी नमुना. तिफणीवरच्या, म्हणजे तीन नळ्यांच्या पेरणीच्या अवजारावरच्या, ज्या वाटग्यात बाया मुठीने बी सोडतात, ते चाडं. पिंपळगाव राजाच्या या सुताराघरी गेल्या साली नवंच चाडं घडलं. त्याच्या पोटात तीन उतरते कंगोरे होते, त्यामुळे बी तिन्ही नळ्यांत आपोआप सारखं जाई. महाराष्ट्र होऊन दोनच वर्षं झालेली, नव्या वस्तूची साऱ्यांना हौस. खामगावच्या एका शेटजीने ते हेरलं. उद्या तो कागद घेऊन येणार होता. पुंजाजीने सही केली की ते चाडं फक्त शेटजीच्या कारखान्यात बनणार होतं.

"अन् बाई परवा बुलढान्याच्या यष्टीत बसल्या होत्या," पुंजाजीची बायको पुष्पाबाई जावेकडे बघत हळूच म्हणाली. "मले म्हने, डोये दाखवाले जातो."

"दुसऱ्या व्यापाऱ्याले इकलं ना तुम्ही? सांगा!" पुंजाजी ओरडला.

जनकाबाईने हातातली भाकर तव्यावर टाकली. नवरा गेला त्या साली गावाने तिचा हात चाड्यावरून काढला होता. विधवेची मूठ पेरणीला नको म्हणे! वीस पेरण्या केलेली ती मूठ रिकामी राहिली आणि त्या रिकाम्या बोटांनीच तिने ओल्या मातीत ते कंगोरे ओढून पुंजाजीला दाखवले. पण शेटजीसमोर तो छाती काढून म्हणाला होता, "माह्याच डोक्यातून निघालं हे!" दाराआड तिने ते ऐकलं आणि गिळलं. चोराच्या मनात चांदणं, म्हणून तर आज तो तिच्यावर एवढा उखडला होता!

पुंजाजीने तिची पेटी उघडली. लुगड्यांच्या तळाशी कागद सापडला, खाली जनकाबाईचा अंगठा! चौथी शिकलेल्या पुष्पाबाईपुढे त्याने तो फेकला.

"वाच! आयकू दे, केवढ्याले इकलं घर!"

पुष्पाबाई अडखळत वाचू लागली. "हे चाडे कोणाही सुताराने करावे, विकावे, सुधारावे. काय सुधारले ते मात्र सांगावे. जो नमुना घेईल त्याने मागेल त्याला याच अटीवर द्यावा, कोणास मनाई करू नये. प्रत्येक चाड्यावर मूळ कर्त्याचे नाव कोरावे..." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "पुंजाजी सुतार, पिंपळगाव राजा."

पुंजाजीने कागद तिच्या हातातून ओढून घेतला.

"धामणगाव बढ्याच्या तीन सुतारायले नमुना उतरून देल्ला," जनकाबाई म्हणाली. "शेटजी मुनिमाले सांगत होता, सही झाली का या सुतारालेही बंदी. तुले सांगतलं असतं तर तू आयकत होता का? बुलढान्याचा वकील इचारे, तसंच मोकयं वाटता का अट घालता? तसंच वाटलं तर शेटजीच उचलंल, एक कंगोरा इकडचा तिकडं करंल, आपला शिक्का मारंल अन् आपल्यालेच मनाई करंल! मी म्हटलं, वकीलसाहेब, इरजनाची अट घाला. इरजन कोनी इकत नाई, अन् ज्यानं नेलं त्यानं शेजारनीले नाई म्हनाचं नाई."

"पन नाव... माह्यं काऊन टाकलं, वहिनी?"

"तू त्याले सांगतलं होतं ना, मी केलं म्हनून..." तिने पदर डोळ्यांना लावला. "माह्या लेकराचा शब्द खोटा पडू नाई, म्हनून."

पुंजाजीने तिचे पाय धरले. "मले मारा, वहिनी... मी तुमचं चोरलं अन् तुमच्यावरच आळ घेतला!" तो लहानपणी रडायचा तसाच हमसून हमसून रडला, आणि तव्यावरची भाकर करपून गेली तरी कोणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेटजी सहीवाचून परत गेला. त्याची गाडी वळते न वळते तोच पडवीत पटाशीचा आवाज सुरू झाला. नव्या चाड्यावर पुंजाजी पुष्पाबाईने कोळशाने काढून दिलेली अक्षरं कोरत होता. जनकाबाईला वाचता येत नव्हतं, पण पुष्पाबाईने वाचलं, "जनकाबाई!"

"अरे, हे काय करून राह्यला? कागदावर तुह्यं नाव हाय!"

"तुमच्याच कागदात हाय ना, सुधाराचं ते सुधारा अन् काय सुधारलं ते सांगा? मी नाव सुधारलं. उद्या धामणगावले जाऊन तिघायलेही सांगून येतो."

नव्या चाड्याला कुंकू लावायची रीत. पुष्पाबाई करंडा घेऊन आली, जावेच्या पांढऱ्या कपाळाकडे बघून घटकाभर थांबली आणि मग कुंकवाचं बोट तिने त्या कोरलेल्या नावावरच टेकवलं.

त्या साली त्यांच्या दोन एकरांत, सारा गाव बांधावर उभा असताना, पुंजाजीने बैल थांबवले आणि वहिनीला हाक मारली. पहिली मूठ जनकाबाईने सोडली.