अंगठा नसलेली जबानी

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल सोडून द्यावी.

आमच्या घरात भूतखेत कोणी मानत नव्हतं. दीक्षेच्या वर्षी माझे वडील नागपूरला जाऊन आलेले. कुणाच्या दाराला लिंबू-मिरची दिसली की ते स्वतःच्या हाताने तोडून टाकायचे. मी त्यांची मुलगी, कमला रामटेके. म्हणूनच सांगायला इतकी वर्षं लागली.

आणि हे रात्री घडलं नाही.

मार्च १९८७. पोंभुर्णा. मंगळवार, दुपारचे अडीच.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. चंद्रपूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात सहायक. प्राध्यापक गुणवंतराव बोरकुटे नागपूरला विद्यापीठात तीस वर्षं इतिहास शिकवत होते. निवृत्त झाल्यावर पोंभुर्ण्याला दोन खोल्यांचं पक्कं घर बांधून राहिले. मागच्या डिसेंबरात ते गेले. त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाईंनी कॉलेजला पत्र लिहिलं, साहेबांचे सगळे कागद घेऊन जा. नेण्याआधी यादी करायची होती. कोणत्या पेटीत काय, किती पानं. त्यासाठी मला चार दिवस पाठवलं होतं.

मागच्या खोलीत सहा लोखंडी पेट्या होत्या. एक टेबल, एक खुर्ची, एक खिडकी. दार एकच.

त्याच टेबलावर, हातात पेन धरलेलं असतानाच सर गेले होते. हे मला अन्नपूर्णाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मी मनावर घेतलं नाही.

सर गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांच्या जबान्या लिहून घ्यायचे. कोणतं गाव कधी वसलं, कधी उठलं, कोण कुठे गेलं. प्रत्येक जबानीखाली नाव, गाव, तारीख आणि सांगणाऱ्याचा अंगठा. जांभळ्या शाईचा. काम इतकं नीट होतं की मला हेवा वाटला.

रविवारी दुपारी पहिली पेटी संपत आली होती. बाहेर छपरीत, दारापुढच्या पडवीत, कोणीतरी खोकलं.

कोरडा खोकला. बाईचा.

कोणी भेटायला आलं असेल म्हणून मी उठून पाहिलं. छपरी रिकामी. अंगणात ऊन. चिटपाखरू नाही.

मी परत बसले. पाच मिनिटं गेली असतील...

पुन्हा तोच खोकला.

मी स्वयंपाकघरात गेले. "काकू, बाहेर कोणी आलंय का?"

अन्नपूर्णाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तू नको जाऊ पाह्याले. आपलं काम कर."

"पण आहे कोण?"

त्यांचा सुपातला हात थांबला.

सोमवारी खोकला तीनदा आला. मी उठले नाही. एवढंच लक्षात आलं की तो आता छपरीच्या त्या टोकाला नव्हता. दाराजवळ होता.

मंगळवारी सकाळी चौथी पेटी उघडली.

तिच्यात एकच गठ्ठा होता. लाल फितीने बांधलेला. वर सरांच्या अक्षरात लिहिलेलं, 'सोमारी'. खाली एका टोल्याचं नाव. टोला म्हणजे थोड्या झोपड्यांची वस्ती, अहेरीकडच्या जंगलातली. ते नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही.

आत अकरा जबान्या होत्या. पहिली १९८३ ची, शेवटची गेल्या डिसेंबरातली.

अकराही एकच होत्या. शब्दन् शब्द तोच.

सन अठराच्या मोठ्या तापात टोल्यावरची माणसं पटापट पडली. टोला जंगलाच्या ठेकेदारासाठी बांबू तोडायचा. ताप बाकीच्या मजुरांत पसरू नये म्हणून ठेकेदाराच्या मुकादमाने धडधाकट माणसांना बाहेर काढलं. आजारी माणसं झोपड्यांतच राहिली. सोमारी त्यांतली एक. आणि मग प्रत्येक जबानी एकाच जागी तुटत होती.

'मग बाहेरून दार...'

पुढे काही नाही. खाली अंगठा नाही.

शेवटच्या जबानीत सरांचं अक्षर ओळखू येत नव्हतं. त्या 'दार'वर पेन घासून घासून कागद फाटला होता.

तेवढ्यात मुखरूभाऊ सरपणाची मोळी घेऊन आले. साठीचे गोंड गृहस्थ. सरांना गोंडी येत नव्हती, म्हणून जंगलात जाताना सर त्यांनाच सोबत न्यायचे. मी गठ्ठा दाखवून विचारलं, "भाऊ, ही सोमारी कुठे राहते?"

त्यांनी मोळी हळूच खाली ठेवली.

"तिथी कोणी राहत नाई, बाई. टोला उठून साठ-सत्तर वर्सं झाली. नुसते खांब उभे हायेत जंगलात."

"मग सरांनी हे कोणाकडून लिहून घेतलं?"

"म्या तीन खेप गेलो सरासोबत. सर एका खांबापाशी बसत आन् लिहत जात. मंधात मंधात मान हलवत. म्या इचारलं, सर, कोण सांगून राह्यलं तुमाले? तं सर माह्याकडं पाहून म्हणे..."

"काय म्हणाले?"

"म्हणे, मुखरू, तुले ऐकू नाई येऊन राह्यलं का?"

चौथ्या खेपेला मुखरूभाऊ गेले नाहीत. सरही गेले नाहीत. "जाची गरजच नाई राह्यली," मुखरूभाऊ म्हणाले. छपरीकडे एकदा बघून ते पाणीसुद्धा न पिता निघून गेले.

जेवण झाल्यावर अन्नपूर्णाबाई चक्कीवर दळण आणायला गेल्या. मी एकटी राहिले. तेव्हाच निघायला हवं होतं. पण बाहेर लख्ख ऊन होतं, त्या गठ्ठ्याची फक्त पानं मोजायची उरली होती, आणि मी माझ्या बापाची मुलगी होते. घाबरून बाहेर बसायची मला लाज वाटली.

मी खोलीत जाऊन गठ्ठा सोडला.

अडीच वाजता लाइट गेली. पंखा फिरत फिरत थांबला.

एकदम शांत झालं. रस्त्यावरचा आवाज नाही. कावळा नाही. खिडकीबाहेरचं पान हलत नव्हतं.

आणि मग...

खोकला. खोलीच्या आत.

माझ्या पाठीमागे. खाली, जमिनीलगत. कोणी भिंतीला टेकून बसल्यासारखा.

मी वळले नाही. खुर्ची सरकवली आणि सरळ दाराकडे गेले. दार ढकललं.

उघडेना.

बाहेरून कडी लागलेली होती. मी दोन्ही हातांनी दार हलवलं. कडीचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. "काकू! काकू, दार उघडा!" घसा फुटेस्तोवर ओरडले.

मागून एक बारीक आवाज आला. लेकराचा. रडणं नव्हतं ते. रडून थकल्यावर लेकरू कुरकुरतं ना, तसं.

मग ती बोलायला लागली.

गोंडीत. मला गोंडीचा एक शब्द येत नव्हता, आजवर कोणी शिकवली नव्हती. आधी नुसता आवाज कानावर पडत होता. मग एक शब्द कळला. मग दुसरा.

मग सगळंच कळायला लागलं.

त्यापुढचं मला आठवत नाही.

भानावर आले तेव्हा अन्नपूर्णाबाई मला खांद्याला धरून हलवत होत्या. पाच वाजले होते. मी टेबलाशी बसले होते. हातात पेन. बोटं आखडलेली.

"काकू, बाहेरून कडी कोणी लावली?"

"कडी कुठी लागली होती? दार नुसतं लोटेल होतं."

टेबलावर एक कागद होता. माझ्या अक्षरात. वर 'सोमारी', खाली जबानी. बारावी. ही मात्र तुटली नव्हती.

'मग बाहेरून दार बांधलं. माह्या अंगात ताप होता. लेकराच्या नव्हता. म्या आतून म्हणलं, मले राहू द्या, लेकराले घेऊन जा. फटीतून त्याचा हात बाहेर काढून देल्ला. कोणी नाई धरला. दोर बांधणारा लटारू मुकादम. त्यानं लेकराचा हात आत लोटला. मी तिसऱ्या दिवशी मेली. लेकरू पाचव्या दिवशी.'

खाली अंगठा होता. शाईचा नव्हता. काजळीसारखा काळा, ओलसर.

त्याच्या बाजूला आणखी एक. तुरीच्या दाण्याएवढा.

अन्नपूर्णाबाईंनी कागद वाचला आणि मुकादमाच्या नावावर बोट ठेवलं.

"लटारू बोरकुटे," त्या म्हणाल्या. "साहेबाचे आजे. त्यायले माहीत होतं थे नाव, पोरी. चार वर्सं लिहत राह्यले. आपल्या आज्याचं नाव आलं का हात थांबे."

मी कागदावरचं ते नाव पुन्हा वाचलं.

"कॉलेजात त्यायचा फोटो लागणार हाय. लोकं काय म्हणतीन?" त्यांनी कागद उचलला. "यादीत अकराच लिही. हा कोणी पाह्यला नाई."

त्या चुलीपुढे जाऊन बसल्या. विस्तव होता. मी दारात उभी होते, अडवायचं बळ माझ्यात नव्हतं. खरं सांगते, जळून जावा असंच मलाही वाटत होतं.

त्यांनी हात पुढे केला...

आणि मागच्या खोलीतून लेकरू कुरकुरलं.

आम्ही दोघींनी ऐकलं. एकाच वेळी. आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

अन्नपूर्णाबाईंचा हात तसाच राहिला. बराच वेळ. त्यांना तीन लेकरं झाली होती, एकही जगलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्या उठल्या, कागद माझ्या हातात दिला.

"बारा लिही," म्हणाल्या. "नावासकट."

ती रात्र आम्ही शेजाऱ्यांकडे काढली. बुधवारी उजेडात, दार उघडं ठेवून, मी यादी पुरी केली. खोकला आला नाही. सहाही पेट्या चंद्रपूरला पोचल्या. सरांचा फोटो लागला. तो गठ्ठा कोणी उघडून वाचला की नाही, मला माहीत नाही.

नाव लिहिलं गेलं. म्हणजे संपलं, असं मी धरून चालले होते.

१९८९ ला माझ्या नवऱ्याची बदली अहेरीला झाली. पहिल्याच आठवडी बाजाराला मी एकटी गेले. एप्रिलचं ऊन. भाजी घेऊन एका दुकानाच्या ताडपत्रीखाली जरा सावलीला थांबले. समोर दोन बाया मोहफुलं घेऊन बसलेल्या. आपसात गोंडीत बोलत होत्या.

मला सगळं कळत होतं. शब्दन् शब्द. कुठल्याशा लग्नाबद्दल चाललं होतं.

त्यातल्या एकीचं माझ्याकडे लक्ष गेलं. मग माझ्या खांद्यावरून मागे. ती दुसरीला म्हणाली, "ही बाई कशी आहे बघ. आपण सावलीत उभी आहे, आणि मागची ती पोर लेकरू घेऊन उन्हात."

मग ती मलाच म्हणाली, आता मराठीत, "बाई, तिले इकडं घ्या ना. लेकराले ऊन लागून राह्यलं."

मी वळून पाहिलं नाही. त्या दिवशी नाही, आजवर नाही.

मी फक्त थोडी बाजूला सरकले. सावलीत एका माणसाची जागा झाली.

"हां, अशी," ती बाई म्हणाली.