शेगडीमागचं फडकं

“मला एवढंच सांगा वहिनी, माझा सुतार असा निष्काळजी आहे का? असेल, तर त्याने बांधलेल्या एकाही खोलीत मी पाहुणा झोपवणार नाही. आजच सगळं बंद करते.”

ताईंच्या दोन्ही हातांना मनगटापर्यंत पट्ट्या होत्या. शहराबाहेरच्या माळावर त्या आरोग्यकेंद्र चालवत. लोक सकाळी यायचे, व्यायाम, मालिश करून संध्याकाळी घरी जायचे. यंदा त्यांनी मुक्कामासाठी लाकडी केबिन बांधायला घेतल्या होत्या आणि जोडीला सॉना. शेगडीवर दगड तापवायचे, त्यांवर पाणी ओतायचं आणि बंद लाकडी खोलीत घाम गाळत बसायचं, असा तो प्रकार. काल पहिल्याच चाचणीत तिथे आग लागली.

वहिनी खासगी तपास करत. त्यांचे दीर त्यांना वहिनी म्हणत, म्हणून सगळं जगच म्हणे. हे भावजी कायम त्यांच्याबरोबर असत. तपासात त्यांचा नेमका उपयोग काय, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

“काल काय झालं?”

“मी शेगडी पेटवली आणि केबिनमध्ये चादरी घालायला गेले. धुराचा वास आला तशी धावले. शेगडीमागे जाळ होता. बादलीभर पाणी फेकलं, वाफ उसळली, हात भाजले. मागोमाग नवरा आला. त्यानेच मला बाहेर ओढलं.”

“जळत काय होतं?”

“मला नुसता जाळ दिसला. काय जळतंय ते त्याने पाहिलं.”

सॉनाची एक भिंत काळी पडली होती, मागे मूठभर राख होती, पण शेगडी शाबूत होती. वहिनींनी ती पेटवायला लावली. दगड तापल्यावर पळीभर पाणी ओतलं. भावजी मोठ्या हौसेने आत शिरले आणि कपाळ फळीवर आपटून बाहेर आले. बाहेरच्या गारठ्यातून आत जाताच त्यांचा चष्मा पांढराफटक झाला होता.

“घाम काढायला गेलात आणि टेंगूळ घेऊन आलात,” वहिनी म्हणाल्या.

सुतार पायरीवर धुमसत बसला होता.

“ताईंचे साहेब सांगतात, माझं तेलाचं फडकं होतं. निळ्या चौकड्यांचं. आहे, माझंच आहे, जुन्या शर्टाचं. पेटीतून नाहीसंही झालंय. पण मी ते आत कशाला नेऊ? सॉना आतून कोराच ठेवतात. तेल लावलं तर तापल्यावर वासानेच माणूस पळेल. तेल फक्त केबिनना, बाहेरून.”

वहिनींनी आतल्या फळीवरून बोट फिरवलं. लाकूड कोरडं होतं.

“पेटी कुठे असते?”

“इथेच, उघडी. इथे चोर कोण येणार?”

भावजींचा संशय मालिशवाल्या बाईंवर होता. सॉना आला की यांचं गिऱ्हाईक गेलंच, असा त्यांचा हिशेब. बाई खो खो हसल्या.

“अहो, उलट! घामाने मोकळं झालेलं अंग हाताखाली कसं लोण्यासारखं येतं. सॉना करा म्हणून मीच ताईंच्या मागे लागले होते. आता त्याही इथेच राहतील. मुक्कामाची माणसं टाकून घरी जाता येतं होय? साहेबांनाही मी परवा तेच म्हटलं.”

“मग?”

“काही नाही. म्हणाले, मजा आहे.”

ताईंचा नवरा चहा घेऊन आला. बायकोला कप धरता येत नव्हता, म्हणून त्याने स्वतःच्या हाताने तिला पाजला. भावजींना अगदी गहिवरून आलं.

“मी दार उघडलं आणि समोरच दिसलं,” तो सांगू लागला. “शेगडीमागे खोचलेलं निळ्या चौकड्यांचं फडकं, अर्धं जळलेलं. सुतार बेफिकीर आहे, मी हिला सांगत होतो.”

“त्याआधी आत गेला होतात?”

“छे! बांधकामात मी नाक खुपसत नाही.”

तो चष्मा काढून पुसू लागला. भावजींनी बिस्किटांची बशी पुढे केली, तर त्याचा हात बशीच्या बाजूने हवेतच गेला.

“चष्म्याशिवाय मी ठार आंधळा,” तो हसला.

वहिनींनी चहा संपवला आणि सगळ्यांना बोलावलं.

“फडकं सुताराचं, यात वाद नाही. पण आत तेलाचं काम नसतं हे ज्याला ठाऊक नाही, त्यानेच ते आत नेलं. म्हणजे सुतार सुटला. मालिशवाल्या बाईंना तर सॉना हवाच होता. आता मला सांगा, तिथे फडकं होतं हे आपल्याला कळलं कुणाकडून? ताईंनी जाळ पाहिला, मी राख पाहिली. चौकडा दिसला तो एकालाच.”

“पाहिलं म्हणून सांगितलं!” नवरा उसळला.

“कसं पाहिलंत? बाहेर गारठा, आत बादलीभर पाण्याची वाफ. चष्मा डोळ्यांवर असता तर भावजींसारखं सगळं पांढरं दिसलं असतं. काढला असता, तर हाताजवळची बशीही तुम्हाला दिसत नाही. चौकडा तुम्ही पाहिलात खरा, पण फडकं खोचताना.”

भावजींनी टेंगूळ चाचपलं. आयुष्यात प्रथमच ते पुराव्याच्या कामी आले होते.

नवरा ताईंकडे न बघता म्हणाला, “तू आत जाशील असं वाटलं नव्हतं. भिंत काळी झाली असती, तुझं मन उडालं असतं. मला फक्त तू घरी हवी होतीस.”

“केबिन बांध, असं तूच म्हणाला होतास.”

“नाही म्हटलं असतं तर भांडली असतीस.”

“भांडले असते! कडाकडा भांडले असते, आणि भांडून झाल्यावर काहीतरी मार्गही काढला असता. तू मला विचारलंसुद्धा नाहीस. हो हो म्हणत केसाने गळा कापलास. या माणसाच्या पोटावर पाय दिलास. आणि सकाळपासून मला चहा पाजतोयस!” ताईंचा आवाज फाटला. “आगीपेक्षा त्या चहाचीच मला किळस येतेय.”

नवरा उठला. “गाडी काढतो. घरी जाऊन बोलू.”

ताई सुताराकडे वळल्या. “दादा, मी तुमच्यावर संशय घेतला, चुकलं माझं. पहिली केबिन राहण्याजोगी झालीय ना?”

“झालीय. फक्त दाराला कडी बसवायची राहिलीय.”

“मग आत्ताच बसवा,” ताई म्हणाल्या. “आतून लागेल अशी. मी आजपासून तिथेच झोपणार आहे.”